आईचं नाव, वहिनीची चिठ्ठी

३ फेब्रुवारी, मंगळवार

चि. राणीसाहेब,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे, गुडघा सोडून. गुडघ्याला मी आता शरीराचा भाग मानत नाही, भाडेकरू मानते. राहतो, कुरकुरतो, जागा सोडत नाही. तू आणि छकुली दोघी ठीक असल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. ती फार रडते म्हणून घाबरू नकोस. तू रडायला लागलीस की वरच्या मजल्यावरचे बँडमास्तर जिन्यात मला गाठून विचारायचे, "बाई, हे कोणतं वाद्य म्हणायचं?" वाद्याला आता स्वतःची मुलगी झाली, असं परवा त्यांना सांगितलं. खूप हसले, मग खोकले.

गेल्या आठवड्यात पेन्शनच्या ऑफिसात जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेले होते. खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "आजी, हयात आहात कशावरून?" मी म्हटलं, "तुझ्या कारभाराचा संताप येतोय, त्यावरून." तिने मुकाट्याने शिक्का मारला. आमच्या वेळी खिडकीत बसलेलं माणूस निदान समोरच्याच्या तोंडाकडे बघत असे.

आता तुझ्या पत्राकडे वळते. दोनदा वाचलं. पहिल्या वेळी चहा निवला, दुसऱ्या वेळी मी तापले.

विहीणबाई म्हणतात, "सुनेचं नाव आहे तेच नातीलाही? हे काय नाव आहे की माळ्यावरची ट्रंक?" वा! त्यांचं स्वतःचं नाव कोणत्या मखमलीतून आलं आहे ते मला ठाऊक आहे, पण पत्रात लिहून शाई वाया घालवत नाही. आणि जावईबापूंना काळजी पडली आहे, की पोरीला शाळेत चिडवतील. त्यांना म्हणावं, मुलं चिडवणारच. नाव सुटसुटीत असलं तर दातांवरून चिडवतील, दात सरळ असले तर बापावरून. लिफ्ट बसवणाऱ्या माणसाने एक तर वर जावं नाही तर खाली यावं. आई आणि बायको यांच्यामध्ये असं दोन मजल्यांच्या अधेमधे अडकून राहू नये.

जुनं नाव म्हणे! जुनं म्हणजे काय? टिकलं म्हणून जुनं झालं. आजकाल नावं ठेवतात की साबणाच्या वड्यांना आवरण चढवतात, मला कळत नाही. एकतीस वर्षं मी जन्मनोंदणीच्या खिडकीत बसले. दर चार-पाच वर्षांनी एक लाट यायची आणि सगळ्या पोरींना एकच नाव चिकटवून जायची. एका दिवशी तर ओळीने सहा सारख्या नावांच्या नोंदी केल्या मी. सहाव्या बापाला विचारलं, "उद्या शाळेत बाईंनी हाक मारली की सहा जणी उभ्या राहतील, तुमची कोणती ते कसं ओळखाल?" त्याने साहेबांकडे माझी तक्रार केली.

तुझ्या आजीच्या नावाची, तू सोडलीस तर, दुसरी मुलगी मला शाळेत भेटली नाही, ऑफिसात भेटली नाही, कुठेच नाही. पण त्या नावाचा गुण असा, की जिथे ती एकटी होती तिथेही पुरून उरायची. तुला हे शंभरदा सांगितलं आहे, एकशेएकदा ऐक. तुझे आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची आणि दादा नऊचा. आईने पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं, आणि दारावर पाटी लावली ती स्वतःच्या नावाची. लोक म्हणाले, यजमानांचं नाव घाला, बरं दिसेल. ती म्हणाली, "शिवणार मी, उसवणार मी, मग नाव त्यांचं कशाला?" वर्षभरात कॉन्व्हेंटच्या गणवेशांचं काम तिला मिळालं. त्या कामापोटी सिस्टरांनी मला शाळेत घेतलं. आईने काय करावं? फितीवर आपलं नाव विणून आणलं आणि प्रत्येक गणवेशाच्या कॉलरमध्ये, आतल्या बाजूला, एक एक पट्टी शिवली. तीनशे मुली, डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कारखानदारांच्या, आणि प्रत्येकीच्या मानेला माझ्या आईचं नाव टेकलेलं. प्रार्थनेला रांगेत उभी राहिले की पुढच्या मुलीची कॉलर जराशी दुमडलेली असायची आणि त्यातून दोन अक्षरं दिसायची. मला लाजही वाटायची आणि छातीही फुगायची. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते विचारू नकोस, शिंपिणीची लेक होऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

मदर सुपीरियरना ते नाव उच्चारता येत नसे. त्या मधेच श्वास घेऊन त्याचे दोन तुकडे करायच्या. आई त्यांच्या समोर बसून, हातात टेप धरून, शांतपणे म्हणायची, "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हणायला लावायची! मदर सुपीरियरना! ज्यांच्या पावलांच्या आवाजाने आम्ही शिंक गिळायचो.

तर नाव असं आहे. ट्रंक म्हणे.

तू लिहितेस, "आत्या, तूच विहीणबाईंना पत्र लिही. आईने शेवटच्या दिवसांत माझ्यासाठी ते नाव कसं ठरवलं, जाताना तिच्या ओठांवर ते कसं होतं, ते तुझ्या अक्षरात लिही. तू तिथे होतीस. माझं त्या ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही गं."

लिहीन. सध्या बोटं आखडतात, थंडी आहे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे ना नोंदीला? मग आकाश कोसळत नाही. रुसलेल्या सुनेसारखं तोंड करून बसू नकोस, दूध आटेल.

तुझी,
आत्या

ता. क. बँडमास्तरांनी तुतारीवर अंगाई वाजवून दाखवायची तयारी दर्शवली आहे. मी नको म्हणून कळवलं.


१० फेब्रुवारी

चि. राणीसाहेब,

आशीर्वाद. पत्र छोटं आहे, राग मानू नये.

विहीणबाईंना लिहायचं पत्र सोबत नाही. तीन वेळा लिहायला बसले. एकदा पेनाने दगा दिला, एकदा गॅसवाला आला, आणि तिसऱ्यांदा पत्र पुरं झालं, छान झालं, इतकं छान झालं की वाचून मी ते फाडलं. आमच्या निबंधाच्या सिस्टर म्हणायच्या, जो निबंध लिहिताना हात थांबत नाही तो कुणाचा तरी पाठ केलेला असतो.

परवा तू फोन केलास तेव्हा "दारावरची बेल वाजली" म्हणून मी ठेवला. बेल वाजली नव्हती.

तू विचारलंस, "ते नाव घेताना आईचा आवाज कसा होता?" चौतीस वर्षांत हे तू कधी विचारलं नव्हतंस, आणि तुला मुलगी झाल्यावर बरोबर तेच विचारावंसं वाटलं. हलका होता. तिला ताप होता. पण नाव ती अगदी स्वच्छ घ्यायची, लहान मुलाला जिन्याची पायरी दाखवावी तसं एक एक अक्षर ठेवून. हे खरं आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

आणखी एक. समजा, समजाच म्हणते आहे, छकुलीला दुसरं एखादं नाव ठेवलंत, तर त्याने काही बिघडणार नाही असं मला वाटायला लागलं आहे. एवढ्यासाठी घरात तू एका खोलीत आणि तो दुसऱ्या खोलीत, हे बरं नव्हे. गेल्या मंगळवारी मी काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी सवय. माणसाला आठवड्याभरात अक्कल येऊ शकते.

कारण विचारू नकोस. टोपडं घालत जा तिला, वारा आहे.

आत्या


१८ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय मुली,

हे पत्र रजिस्टर करून पाठवते आहे, सही करून घे, आणि तू एकटी असशील तेव्हा वाच. छकुलीला पाजत असशील तर आधी ते होऊ दे. सोबत एक लहान पाकीट आहे, ते मी सांगेपर्यंत उघडू नकोस. लहानपणी तू कुठलीही पुडी आधी उघडायचीस आणि मग विचारायचीस. आज एवढं ऐक.

काल दुपारी तुझ्या सासूबाईंचा फोन आला. मी मनात तलवारी परजून उचलला. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाल्या, "बाई, मी हरले."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुमच्या भाचीने मला सगळं सांगितलं. भांडून नाही हो, रडून. म्हणाली, माझ्या आईला तिच्या सासूने सुखाचा घास खाऊ दिला नाही, तरी मरताना तिने सासूचंच नाव लेकीला दिलं. एवढं मन होतं तिचं. मी ऐकलं आणि बसूनच राहिले. माझी सून उद्या माझं नाव मांजराला तरी देईल का हो?"

त्याच पुढे म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी नोंद करायला जाणार आहोत. तेच नाव ठेवतोय. मी स्वतः बरोबर जाणार. तुमच्या वहिनींना माझा नमस्कार पोचायचा काही मार्ग असता तर पोचवला असता. तुम्ही पुण्यवान, तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंत."

त्या फोन ठेवेपर्यंत माझ्या तोंडातून "हं" सुद्धा निघालं नाही. मला ओळखणाऱ्या कुणाला सांगितलंस तर विश्वास बसणार नाही.

म्हणजे तू जिंकलीस. मला आता कुणालाही काही लिहायची गरज उरली नाही. पंधरा दिवस हेच तर हवं होतं मला, की कुणी विचारू नये. आणि काल संध्याकाळपासून घरात मी अशी फिरते आहे, जशी दुसऱ्याच्या घरात शिरलेली बाई.

तुझ्या आईने ते नाव ठेवलं नव्हतं.

हे एक वाक्य लिहायला चौतीस वर्षं लागली. आता पुढचं सांगते, सलग सांगते, मधे अडवू नकोस.

आई म्हणजे तुझी आजी गेली त्याला सहा महिने झाले होते. मी बत्तीस वर्षांची, तिच्याबरोबर त्याच घरात अख्खं आयुष्य काढलेली. ती गेल्यावर घरात दिवसचे दिवस तिचं नाव कुणी घेत नसे. पूर्वी सकाळपासून दारात हाका, "आहात का हो?" आणि पुढे नाव. गिऱ्हाइकं, शिपाई, शाळेची गाडी हाकणारा, सगळे नावाने हाक मारायचे. पाटी उतरवली आणि हाका बंद झाल्या. मला ते सहन होत नव्हतं. माणूस जातं ते कळतं गं, पण त्याच्या नावाने जी जागा व्यापलेली असते ती कुणी रिकामी करायला सांगितली?

तुझ्या आईला मात्र त्या शांततेत पहिल्यांदा श्वास मिळाला होता. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, सासुरवासाचं जे काय तुला ठाऊक आहे ते दादाकडून. आजीच्या गोष्टी सांगितल्या, त्यात ही गाळली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आईने तिला दुकानात यंत्रावर बसवलं. वहिनीचा हात वाईट नव्हता. पण तिने शिवलेलं प्रत्येक कापड आई हातात घ्यायची, प्रकाशात धरायची, आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणायची, "उसव." पाच वर्षं. "उसव." कधी शिवण वाकडी असायची, बहुतेक वेळा नसायची. वहिनी मान खाली घालून उसवायची. दादा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात मी. मी काय करत होते? मला गंमत वाटायची. माझी आई कुणाला भीत नाही, मदर सुपीरियरना भीत नाही, याचं मला इतकं कौतुक होतं, की तिच्या हाताखाली कोण चिरडतंय ते मी बघितलंच नाही. खरं सांगायचं तर बघितलं होतं.

तू झालीस शुक्रवारी. दादा दूर होता, तार गेली होती. रविवारपासून वहिनीला ताप. सोमवारी मी ऑफिसला निघण्याआधी तिला भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, तू मांडीवर. तिने मला चिठ्ठी दिली. दवाखान्यात जेवणाच्या वेळा लिहिलेला कागद देतात, त्याच्या मागे पेन्सिलीने नाव लिहिलं होतं.

"वन्सं, आजच नोंद कराल?"

"एवढी काय घाई? दादा येऊ दे."

"त्यांना मी कळवलंय मागच्या पत्रात, की नाव मी ठरवणार. ते हो म्हणालेत. बघा तरी, आवडतं का."

मी चिठ्ठी वाचली. चांगलं नाव होतं. हलकं, मोकळं, दार उघडल्यावर वारा यावा तसं. आपल्या घरात त्या नावाचं कधीच कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आईचं नाव ठेवायचं असं मला वाटलं होतं."

तुझी आई हसली. कुत्सित नव्हे, दमलेलं. म्हणाली, "वन्सं, या घरात माझं सगळं उसवून झालंय. ही एक तरी शिवण राहू द्या."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या क्षणी मला राग आला. भयंकर राग आला. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या माझ्या आईविषयी ही असं बोलते, एवढंच मला ऐकू आलं. तिला ताप आहे, ती बाळंतीण आहे, ती खरं बोलते आहे, यातलं काही ऐकू आलं नाही.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. नाव तोंडी घ्यायचं नाही. खिडकीवर गर्दी, गोंगाट, एकाचं ऐकून दुसऱ्याचं लिहिलं जातं, म्हणून आईबापांनी नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. चिठ्ठीवरून आम्ही रजिस्टरात उतरवायचं आणि चिठ्ठी टेबलावरच्या उभ्या सुईत टोचायची. वर्षभर ती तिथेच राहायची, कुणी भांडायला आलं तर दाखवायला. माझी ख्याती होती, की चिठ्ठीतला काना-मात्रा मी बदलत नाही. एकदा एका माणसाने मुलीच्या नावात सरळ चूक केली होती, सगळे म्हणाले दुरुस्त करून टाका, मी त्याला परत बोलावून नवीन चिठ्ठी लिहायला लावली. "नाव माझं नाही, तुमच्या मुलीचं आहे," असं सुनावलं होतं त्याला.

मंगळवारी सकाळी मी रजिस्टर उघडलं, तुझी ओळ काढली, आणि माझ्या आईचं नाव लिहिलं. माझ्या सुंदर, कॉन्व्हेंटमध्ये घोटलेल्या अक्षरात. हात थांबला नाही. टिपकागद दाबला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वाचून म्हटलं, "अय्या, आईचं नाव ठेवलंत! वहिनी मोठ्या मनाच्या हो तुमच्या." मी म्हटलं, "आहेच मुळी." चिठ्ठी मी सुईत टोचली नाही. पर्समध्ये ठेवली.

मी मनाशी काय म्हणत होते ते सांगते, क्षमा मागण्यासाठी नव्हे, तू पुढे कधी स्वतःशी असं काही बोलायला लागलीस तर ओळखावंस म्हणून. मी म्हणत होते: रागावेल, दोन दिवस रडेल, मग सवय होईल. फारच हट्ट धरला तर महिन्याच्या आत समासात दुरुस्ती करता येते, दोन सह्या लागतात, त्यातली एक माझीच. मी काही तिचं कायमचं घेतलेलं नाही.

गुरुवारी तिने विचारलं, "झाली नोंद?"

"झाली."

"नीट लिहिलंत ना?"

"माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"तसं नाही हो. दाखला बघायचा होता मला."

"साहेबांची सही व्हायची आहे. सोमवारी आणते."

रविवारी ती गेली.

जाताना तिच्या ओठांवर नाव होतं, हे मी तुला खरंच सांगितलं आहे. तुझंच नाव होतं ते. चिठ्ठीतलं. तू तिच्या कुशीत होतीस आणि ती हाक मारत होती, आणि खोलीत मी एकटीच अशी होते जिला ठाऊक होतं, की त्या नावाची मुलगी कागदावर कुठेच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलू नका, थकाल." ती तरी बोलतच होती.

नवव्या दिवशी दादा आला. दाढी वाढलेली, हातात बॅग तशीच. टेबलावर दाखला पडला होता. सोमवारी मी तो खरंच आणला होता, साहेबांची सही होऊन आला म्हणून; आणणारा हात माझाच होता, पण कशासाठी आणला ते मला आजही सांगता येत नाही. त्याने उचलून वाचला आणि तिथेच खाली जमिनीवर बसला.

"तिने आईचं नाव ठेवलं?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"म्हणजे तिने आईला माफ केलं गं," दादा म्हणाला. "मला वाटायचं मी तिला त्या दुकानात टाकून समुद्रावर पळून गेलो. ती मला लिहायची ना सगळं. मला वाटायचं ती कधीच माफ करणार नाही, आईलाही नाही, मलाही नाही." आणि तो रडला. बायको गेल्याचं रडू त्याला तोवर आलंच नव्हतं, ते त्या कागदावर आलं.

मी म्हटलं, "हो."

तेवढाच शब्द. बाकीची गोष्ट पुढे हळूहळू वाढत गेली, एका टाक्यावर दुसरा टाका. तू चार वर्षांची झालीस आणि विचारलंस, "मला हे नाव कुणी दिलं?" मी म्हटलं, "आईने." तू इतकी खूश झालीस, की त्या दिवसापासून कुणी नाव अर्धवट घेतलं तर थांबवून पुरतं म्हणायला लावायचीस, थेट आजीसारखी. मला वाटलं, बघ, माझी आई परत आली. घरात पुन्हा त्या नावाने हाका सुरू झाल्या. मी रोज दहा वेळा उगाच हाक मारायचे तुला, आठवतं? तू ओरडायचीस, "काय आहे आत्या?" काही नसायचं.

दादा चार वर्षांपूर्वी गेला, तेच मनात धरून गेला. तो असताना सांगितलं असतं तर त्याचं एकच समाधान काढून घेतलं असतं, असं मी स्वतःला पटवलं होतं. तो गेल्यावर हे कारण संपलं, तर दुसरं सापडलं: तुझं. कारणांची कधी टंचाई पडत नाही.

आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलींना शुक्रवारी चर्चमधल्या लाकडी पेटीत गुडघे टेकून फादरना पापं सांगावी लागत. आम्ही बाकीच्या बाहेर उभ्या राहून खिदळायचो, की ही आता काय सांगणार, खडू चोरला? मला तेव्हा वाटायचं, बरं झालं आपल्याला असलं काही नाही. आता वाटतं, त्यांचं निदान आठवड्याच्या आठवड्याला निकाली निघत होतं.

तुझं नाव मला प्रिय आहे. हे खोटं नाही, आणि ही सगळी चूक त्या प्रियपणातूनच झाली आहे. जगात मला सगळ्यांत आवडणारी दोन माणसं त्या नावाची आहेत. पण तुझ्या लक्षात आलं असेल, या तिन्ही पत्रांत मी ते एकदाही लिहिलं नाही. हाताला होत नाही. तू पहिलं पत्र पाठवलंस, "माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही" असं लिहिलंस, तेव्हापासून होत नाही.

आहे तुझ्याकडे आईचं दुसरं. आता पाकीट उघड.

ही तीच चिठ्ठी आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, खिडकीशी धरून बघ. त्या काळी तिथल्या सगळ्या चिठ्ठ्यांना मधोमध सुईचं भोक असायचं, हिला नाही. नावाखाली तिने लिहिलंय, "वन्सं, अक्षर सांभाळून." ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहायची पाळी माझी होती, ती मी घालवली. तिच्याच अक्षरात वाच. आणि हेही ऐक: तुला वाटेल हे नाव परकं आहे, आपण कधी ऐकलेलं नाही. ऐकलेलं आहेस. दहा दिवस तू दुसरं काही ऐकलंच नव्हतंस.

शुक्रवारी तुम्ही जाणार. चिठ्ठीतलं नाव छकुलीला द्यायचं, की आजीचं, की तुम्हाला दोघांना आवडेल ते तिसरंच, ते तू ठरव. विहीणबाईंना काय सांगायचं तेही. त्यांना खरं सांगितलंस तर माझ्यावर जे काय बोलतील ते बोलू दे, यावेळी मी उलट उत्तर देणार नाही. तुझ्या नवऱ्याशी बोल आधी. त्याने निदान स्वतःच्या मुलीच्या नावासाठी उघडपणे भांडण केलं. मी तेवढंही केलं नव्हतं.

तू फोन केला नाहीस तर मी समजेन. केलास तर बेल वाजल्याचं सांगणार नाही. तुला माझ्याकडे यायचं नसेल, छकुलीला मला दाखवायचं नसेल, तर तेही मी समजेन, समजायला थोडा वेळ लागेल एवढंच.

एक मागणं आहे, आणि मागायचा हक्क नाही हे जाणून मागते. ऑफिसात गेलीस, की नाव तुझ्या हाताने लिही. दुसऱ्या कुणाच्या हाती चिठ्ठी देऊन बाहेर थांबू नकोस. त्यांनी उतरवलं, की "बघू" म्हण आणि रजिस्टर स्वतःकडे फिरवून घे. खिडकीतली बाई कितीही शहाणी, कितीही जवळची असली तरी.

तुझ्या आईची नणंद